फ्लूची लस : धडधाकट माणसाने ती इतरांसाठी घ्यावी का?

लसीकरणावर बोलायला उभं राहिलं, की श्रोत्यांमधून एक प्रश्न हमखास येतो. "मी पस्तिशीचा आहे, तब्येत ठणठणीत आहे. फ्लू झालाच तर चार दिवस अंथरूण धरीन आणि उठेन. मग दरवर्षी पैसे मोजून सुई कशाला टोचून घ्यायची?" प्रश्न रास्त आहे. एकट्यापुरता विचार केला, तर "नाही घेतली तरी बहुधा काही बिघडणार नाही" असंच उत्तर द्यावं लागेल. पण फ्लू एकट्यापुरता राहत नाही. म्हणून आज आपण हा हिशेब घरादाराला धरून मांडून बघू.

फ्लू म्हणजे साधी सर्दी नव्हे. ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, एका शाळकरी मुलीचा. तोंडाला रुमाल बांधलेलं शहर, बंद शाळा, नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. तो विषाणू तेव्हा नवा होता. आता तो नेहमीच्या फ्लूमध्येच मिसळून गेलाय आणि दरवर्षीच्या लसीत त्याचाही वाटा असतो.

आता फ्लू पसरतो कसा ते पाहू. लागण झालेला माणूस अंग दुखायला लागायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच विषाणू पसरवू लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहतो. काहींना तर लक्षणं इतकी सौम्य असतात, की आपल्याला फ्लू झालाय हे कळतही नाही. त्यामुळे "बरं वाटेनासं झालं की आजीच्या खोलीत जाणार नाही" हा निश्चय चांगला असला, तरी थोडा उशिराच अमलात येतो.

आणि आजीलाच लस दिली तर? जरूर द्यावी. पण इथे एक पेच आहे. लस म्हणजे शरीराला दिलेली तालीम, आणि वय वाढलं की शरीर ही तालीम कमी घेतं. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांचंही तसंच. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर फ्लूची लस देताच येत नाही. आईने गरोदरपणी घेतली असेल, तर तिच्याकडून थोडं संरक्षण बाळाला मिळतं, तेवढंच. म्हणजे ज्यांना फ्लूचा धोका जास्त, त्यांच्यातच लस कमी काम करते किंवा देताच येत नाही. आणि ज्यांच्यात ती चांगली काम करते, त्या धडधाकट माणसांना आपल्याला तिची गरज आहे असं वाटत नाही.

थोडं गणित करू. गोवराचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना लागण करतो. फ्लूचं तसं नाही. त्याचा एक रुग्ण सरासरी 1.3 जणांना लागण करतो. म्हणजे 10 रुग्णांपासून 13, त्यांच्यापासून 17, मग 22. अशा पाच फेऱ्यांनी आकडा 37 वर जातो, आणि फ्लूची एक फेरी साधारण तीन दिवसांची. आता समजा, 40 टक्के लोकांनी लस घेतली आणि ती निम्म्या जणांतच लागू पडली. म्हणजे 20 टक्के लोक सुरक्षित झाले. मग 1.3 चा आकडा 1.04 वर येतो आणि पाच फेऱ्यांनंतर रुग्ण होतात 12 च्या आसपास. 37 आणि 12! गणित ढोबळ आहे, कारण माणसं अशी समान मिसळत नाहीत. पण मुद्दा लक्षात घ्या. फ्लूची साथ थोडक्या जोरावर चालते, म्हणून थोडक्या अडथळ्यानेही ती बरीच मंदावते. अर्धवट काम करणारी लससुद्धा म्हणूनच उपयोगाची.

हे प्रत्यक्षात घडतं का? जपानने 1962 पासून शाळेतल्या मुलांना फ्लूची लस द्यायला सुरुवात केली आणि 1977 मध्ये ती सक्तीची केली. पुढे लसीच्या उपयोगाबद्दल आणि दुष्परिणामांबद्दल शंका निघाल्या. 1987 मध्ये पालकांना नकार द्यायची मुभा मिळाली आणि 1994 मध्ये कार्यक्रमच थांबला. नंतर संशोधकांनी जुन्या मृत्युनोंदी तपासल्या. मुलांना लस मिळत होती त्या काळात हिवाळ्यात होणारे जादा मृत्यू, जे मुख्यतः वृद्धांचे असतात, बरेच घटले होते आणि लस थांबल्यावर पुन्हा वाढले होते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार, साधारण 420 मुलांच्या लसीकरणामागे एक मृत्यू टळत होता. अर्थात ही मागाहून केलेली तपासणी. त्या काळात इतर गोष्टीही बदलत होत्या, असा आक्षेप घेता येतो.

म्हणून दुसरं उदाहरण. कॅनडात हटराइट नावाच्या पंथाचे लोक वस्त्या करून एकत्र राहतात. अशा 49 वस्त्यांमध्ये 2008 च्या हिवाळ्याआधी प्रयोग झाला. काही वस्त्यांतल्या मुलांना फ्लूची लस दिली, बाकीच्या वस्त्यांतल्या मुलांना काविळीची. पहिल्या वस्त्यांमध्ये ज्यांनी लस घेतलीच नव्हती, त्यांच्यातही फ्लूचं प्रमाण सुमारे 60 टक्क्यांनी कमी निघालं.

पण दोन्हीकडे लस मुलांना दिली होती, मोठ्यांना नाही. मुलं फ्लू जास्त पसरवतात. मोठ्यांबद्दलचा पुरावा इतका भक्कम नाही. ब्रिटनमध्ये वृद्धाश्रमांतल्या कर्मचाऱ्यांना लस देऊन पाहिलं. तिथल्या वृद्धांचे मृत्यू घटलेले दिसले, पण ते लसीमुळेच घटले का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. त्यामुळे देशांचे निर्णयही वेगवेगळे आहेत. अमेरिकेने 2010 मध्ये सहा महिन्यांवरच्या सगळ्यांनाच लस घ्या म्हटलं. ब्रिटनने मुलांवर, वृद्धांवर आणि आजारी माणसांवर भर दिला.

मग आपण काय करायचं? आमचं म्हणणं असं. 'समाजासाठी प्रत्येकाने घ्यायलाच हवी' असं आम्ही म्हणणार नाही, कारण पुरावा तेवढं बोलू देत नाही. एकट्या राहणाऱ्या तरुणाने नाही घेतली, तर त्याला बेजबाबदार ठरवू नये. पण घरात तान्हं बाळ असेल, सत्तरीपुढचे आईवडील असतील, कोणाचे केमोचे डोस चालू असतील, तुम्ही दवाखान्यात, पाळणाघरात किंवा वृद्धांच्या सेवेत असाल, तर लस घ्यावी. आणि घरातली शाळकरी मुलं? जपान आणि कॅनडा दोघांचाही धडा पाहता, त्यांचा विचार तर आधी करावा.

दोन गोष्टी सांगून थांबतो. एक, टोचायच्या लसीतला विषाणू मेलेला असतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड दुखतो, क्वचित एखादा दिवस कणकण येते. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि लस लागू पडायला दोन आठवडे लागतात, म्हणून मे महिन्यातच डॉक्टरांशी बोलून ठेवा. दुसरी, जुळणी चांगली असलेल्या वर्षीही ही लस साधारण 40 ते 60 टक्केच काम करते. तेव्हा लस घेतली म्हणून ताप अंगावर काढत कामावर जाऊ नका. घरी थांबा, आणि बाळाला उचलून घ्यायचा मोह चार दिवस आवरा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.