गृहपाठ आणि निरक्षर घर

‘पालकांचे लक्ष नाही’ हा शेरा माझ्या वहीवर अनेकदा पडला. पुढे शिक्षक झाल्यावर, कबूल करतो, मीही तो काही वह्यांवर लिहिला. माझी माय दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपत होती. तिचे लक्ष नाही असे म्हणणे हा अडाणीपणा होता, आणि तो तिचा नव्हता.

गृहपाठ मुळात पांढरपेशा घर गृहीत धरतो: वेगळी खोली, टेबल, उत्तर सांगणारा बाप. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के जागांवर आपली काही मुले इंग्रजी शाळांत गेली, तेव्हा तर घरात वही कुणाला वाचताच येईना. मग अशा घराने करायचे काय?

बाबासाहेबांच्या चरित्रातला परळच्या चाळीतला प्रसंग आपण भाषणांत सांगतो. सगळा संसार एका खोलीत. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत, भीमरावाला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः निजत. रामजी शिकलेले होते, लष्करी शाळेत शिक्षक होते, हे खरे. पण इथे त्यांनी मुलाला दिली ती जागा, शांतता आणि वेळ. त्याला अक्षर लागत नाही.

माझ्या मायने आणखी एक केले. भाकरी थापताना ती मला धडा मोठ्याने वाचायला लावी आणि मध्येच विचारी, “म्हंजी काय रं?” मग मला तो आमच्या बोलीत सांगावा लागे. सांगता आला नाही की कळे, धडा नुसता पाठ आहे. वस्तीतल्या आयाबायांना मी हेच सांगतो: उत्तर सांगू नका, विचारा. धडा इंग्रजी असला तरी पोराने तो घरच्या बोलीत सांगावा. किराण्याचा हिशेब त्याच्याकडून तोंडी करून घ्या. न आलेले गणित शेजारच्याचे पाहून उतरवायला लावू नका. कोरे राहू द्या. पोर कुठे अडले ते शिक्षकाला दिसले पाहिजे. त्याबद्दल कुणी छडी मारली तर चारजणी मिळून शाळेत जा. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने मारहाणीला बंदी आहे.

आणि जागा? जयंतीला रोषणाईने झगमगणाऱ्या विहाराला एरवी संध्याकाळी कुलूप असते. दोन दिवे, दोन सतरंज्या आणि पाळीपाळीने बसणारी कॉलेजातली पोरे, एवढ्यावर अभ्यासवर्ग चालतो. आमच्या विहाराची किल्ली मिळवायला मला दोन महिने लागले. आता सात ते नऊ तिथे मुले बसतात.