आई, चल गरवायला!

‘आता निवृत्त झालीस, तुला काय हवंय ते सांग,’ असं आईला विचारलं, तेव्हा ती काय म्हणेल याची आम्हा भावंडांना खात्री होती. ‘मला कशाला काय, तुमचं भागवा,’ हेच. गेली चाळीस वर्षं तेच ऐकत आलोय. माझी आई अंगणवाडी सेविका. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास योजना आली आणि तिच्या पोटातून अंगणवाड्या निघाल्या. आई त्यात आली ती माझी धाकटी भावंडं लहान असताना. गावातल्या दोन पिढ्यांना तिनं ‘एक होती चिऊ’ शिकवलं, वजनं केली, खिचडी शिजवली, पोलिओच्या डोसाला पोरं उचलून आणली. नाव ‘सेविका’, पगाराचं नाव ‘मानधन’. असो, तो विषय काढला तर हा सगळा रकाना त्यातच जाईल.

तर पासष्टाव्या वर्षी निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, साडी झाली. धाकट्या भावानं मनात काशी-प्रयागची सहल ठरवून टाकली होती. आणि जेवताना आई शांतपणे म्हणाली, ‘मला एकदा गरवायला न्या.’

मैत्रिणींनो, घाटावरच्या आपल्यासारख्यांना हा शब्द कळणार नाही. माझ्या वहिनीला वाटलं, गरब्याला न्या म्हणतायत की काय! गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं. गळाच्या आकड्याला मालवणी मुलखात ‘गरी’ म्हणतात, त्यावरून गरवणं. माझं आजोळ कर्ली नदीच्या खाडीकाठचं. आई लग्न होऊन आंबोलीचा घाट चढून गडहिंग्लजकडे आली, ती वारकऱ्यांच्या घरात. वडील माळकरी. आमच्या घरात मासळी शिजणं सोडाच, तिचं नावही निघायचं नाही. आईनं कधी तक्रार केली नाही. आम्हालाही कधी जाणवलं नाही की या बाईनं काहीतरी सोडलंय.

त्या रात्री भांडी आवरताना तिनं मला सांगितलं. लहानपणी ती आजोबांबरोबर होडीत बसायची. गरीला कोळंबी कशी ओवायची, मासा नुसता चाखतोय की गिळतोय हे बोटाला कसं कळतं, हे सगळं ती मामाच्या आधी शिकली. मग ती बारा वर्षांची झाली आणि आजी म्हणाली, ‘आता शहाणी झालीस, उद्यापासून होडीत चढायचं नाही.’ दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबा आणि मामा गेले. ही काठावर उभी. ‘तेव्हापासून काठावरच आहे बघ,’ असं ती हसत म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही.

ठरलं. न्यायचंच!

भावाचं म्हणणं, ‘या वयात? गुडघे बघितलेस का तिचे? आणि आपल्यात पोहता येतं कुणाला?’ त्याचं चूक नव्हतं. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता, ती बातमी त्यानं लगेच समोर ठेवली. त्यामुळे मी आधी हौस बाजूला ठेवली आणि चौकशीला बसले. बचत गटाच्या कामामुळे माझ्या ओळखी बऱ्या. देवबागला घरगुती खानावळ चालवणाऱ्या एका ताईंचा नंबर मिळाला आणि पुढचं निम्मं ‘प्लॅनिंग’ तिनंच केलं म्हणा ना.

तिनं पहिली गोष्ट सांगितली ती जागेची. ‘वयस्कर माणूस आहे तर समुद्रात नको, खाडीत चला.’ देवबाग म्हणजे एक चिंचोळी पट्टी, एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. टोकाला नदी समुद्राला मिळते. समुद्राच्या बाजूनं होडीत चढायचं तर गुडघाभर पाण्यात लाटा चुकवत उडी मारावी लागते. खाडीच्या बाजूला धक्का असतो, पाणी संथ असतं. आईच्या गुडघ्यांचा प्रश्न इथंच निम्मा सुटला. बाकीच्या निम्म्यासाठी आम्ही घरातलं प्लास्टिकचं स्टूल नेलं. भाऊ हसला होता, पण होडीत उतरताना त्या स्टुलाचा सगळ्यात जास्त उपयोग त्यालाच झाला.

दुसरी गोष्ट परवान्याची. मासेमारीची होडी वेगळी आणि माणसं न्यायची होडी वेगळी. प्रवासी न्यायचे तर मेरिटाईम बोर्डाचा परवाना लागतो. तो आहे का, किती माणसांचा आहे, प्रत्येकाला लाईफ जॅकेट आहे का, हे विचारायला लाजायचं नाही. आपण बायका साडी घेताना दहादा उलटून बघतो, मग इथं का गप्प बसायचं? मालवणचा किल्ला आणि आजूबाजूचा काही समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथं नाव घालून गळ टाकता येईल असं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणायचं.

आणि अख्खी होडी ठरवायची. हे मी ठेच खाऊन शिकले. आधी एका एजंटाला आगाऊ पैसे दिले होते. ‘तुमचीच होडी मॅडम, तुमचंच फॅमिली’ असं म्हणणारा तो माणूस दोन दिवस आधी म्हणाला, ‘अजून आठजणांचा ग्रुप आहे, ॲडजस्ट करा.’ पुण्याची कॉलेजची मुलं, गाण्यांचा दणदणाट आणि त्यात माझी आई गरी घेऊन बसणार? मी नाही म्हटलं, आगाऊ दिलेले पैसे बुडाले. मग ताईंच्या ओळखीचा एक तांडेल मिळाला. तीन तासांचे साडेतीन हजार, त्यात डिझेल, तंगूस, गरी, आमिष सगळं आलं. भाव हंगामाप्रमाणे वर-खाली होतो, त्यामुळे आधी बोलून, कागदावर लिहून घेतलेलं बरं.

दिवस कुठला? मी म्हटलं, रविवार. तांडेल फोनवर हसला. म्हणाला, ‘बाय, मासो रविवार बघना नाय.’ पावसाळ्याचा तर प्रश्नच नव्हता, जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंदच असते. आम्ही दिवाळीनंतरचे दिवस धरले होते. पण त्यातही तिथी बघावी लागते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, पाणी मवाळ. वयस्कर माणसाला तेच सोयीचं.

यावर आईनं जे केलं त्यानं मी थक्क झाले. भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि बोटांवर हिशेब करून म्हणाली, ‘नवमीला जाऊ. भरती पावणेसातच्या सुमाराला भरेल.’ तिला विचारलं तर म्हणाली, ‘सोपं आहे. तिथीला पाऊणपट करायचं. नवमी म्हणजे नऊ, त्याची पाऊणपट पावणेसात.’ हा मूळचा हिशेब ढोबळ आहे, गाव बदललं की थोडं मागंपुढं होतं, खाडीत आत गेलं की आणखी. पण तांडेलाला सांगितल्यावर तो क्षणभर गप्पच झाला. त्यानं स्वतः एकादशी सुचवली होती. माळकऱ्याच्या घरातून एकादशीला मासे धरायला! आईनं तो दिवस आधीच कापला होता. गुरुवारही नको होता, कारण मार्गशीर्ष लागला होता. सुदैवानं नवमी मंगळवारी आली.

आता एक गोष्ट, जी पुरुषांना विचारून कळणार नाही. होडीत बायकांनी लघवीला कुठं जायचं? आईनं त्यावर आपला जुना उपाय काढला होता, आदल्या रात्रीपासून पाणीच प्यायचं नाही. अंगणवाडीत संडास नव्हता तेव्हाची ती सवय. तिला बीपीची गोळी चालू आहे, अशा माणसानं तहानेलं राहायचं आणि उन्हात बसायचं? मी तांडेलाला स्पष्ट सांगितलं, दीड तासानं एकदा धक्क्याला लावायचं, दहा मिनिटं थांबायचं. तो म्हणाला, ‘सांगलास तां बरा केलास. बाईमाणसां सांगनत नाय, नि गप रवतत.’ बघा, विचारलं की वाट निघते.

बाकी तयारी साधी. डॉक्टरांना विचारून मळमळीची गोळी निघण्याआधी घेतली, आलेपाक खिशात. टोपी, सुती ओढणी, रोजच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. आईनं साडीच नेसायची ठरवली होती. लाईफ जॅकेट साडीवर नीट बसतं का, हे मी धक्क्यावरच पट्टे आवळून बघितलं. पदर आत खोचला की बसतं.

सहाला अंधार होता. चांगलीच थंडी. आई, मी, माझी कॉलेजातली मुलगी आणि भाऊ. वडील काठावर राहिले. ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण आदल्या दिवशी स्वतःच पिशवी भरून गाडीत बसले होते. माडाखाली खुर्ची टाकून त्यांनी हरिपाठ काढला आणि म्हणाले, ‘तुम्ही या जाऊन. मी आहे इथं.’

होडी सुटली तशी आई एकदम गप्प झाली. मला वाटलं, घाबरली. मी हात धरायला गेले तर तिनं तो हळूच बाजूला केला. तांडेलानं इंजिन बंद करून नांगर टाकला आणि सवयीनं गरीला कोळंबी लावून तिच्या हातात दिली. तिनं ती बघितली, काढली, आणि परत शेपटीकडून ओवून लावली. तांडेल बघत राहिला.

‘आये, तुमी खयच्या?’

‘हयचीच,’ आई म्हणाली.

पंचेचाळीस वर्षांत मी आईच्या तोंडून मालवणी ऐकली नव्हती. मामाशी फोनवर बोलतानासुद्धा ती घाटावरचंच बोलायची. त्या एका शब्दानंतर मात्र दोघांचं असं सुरू झालं, की मला निम्मं कळेना. कुणाची बाग, कुणाचा वाडा, कुठली शाळा. आजोबांचं घर मामानं विकलं होतं, तिथं आता पर्यटकांच्या खोल्या झाल्यात, हे तिला तिथं होडीत कळलं. ती ‘हां’ म्हणाली आणि पाण्याकडे बघत राहिली.

पहिला मासा लागला तो शिंगाळा. माझी मुलगी हात पुढे करते तोच आई ओरडली, ‘हात लावू नको!’ त्याच्या पंखाचा काटा विषारी असतो, घुसला तर हात सुजतो. तांडेलानं पकडीनं तो सोडवला. मग अर्धा तास काही नाही. भावाला तेवढ्यात लागली होडी, आणि काशीयात्रा सुचवणारा माझा भाऊ होडीच्या कडेला डोकं टेकून आलेपाक चघळत बसला. आई मात्र तंगूस तर्जनीवर घेऊन बसली होती, डोळे मिटल्यासारखे. एक हातभर तांबोशीचं पिल्लू… नाही, हातभर नाही, वीतभर, मीही मासे धरणाऱ्यांसारखी बोलायला लागले! ते तिनं लगेच सोडलं. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ५४ जातींच्या मासळीला किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान धरायची नाही असा नियम केला. आईला त्यातलं काही माहीत नव्हतं. ‘पोर आहे, वाढू दे,’ एवढंच म्हणाली. वजनाचा तक्ता भरायची सवय, दुसरं काय!

मध्ये धक्क्याला जाऊन आलो. ओहोटीला पाणी परत वाहू लागलं आणि आईचं बोट हललं. ‘वायच थांब,’ ती स्वतःशीच म्हणाली. मग झटका दिला. तंगूस ताणली, सरकन डावीकडे गेली. तांडेल मदतीला उठला तर तिनं मानेनंच नको म्हटलं. थोडी सोडायची, थोडी ओढायची. तिचा हात थरथरत होता, पण तिनं तो कुणाला दिला नाही. शेवटी चांदीसारखा चकचकीत पालू होडीत येऊन पडला. अर्ध्या किलोच्या आसपास असेल. शहरातल्या बाजारात त्याचं काही कौतुक झालं नसतं. तांडेल म्हणाला, ‘आये, हात इसारलो नाय तुमचो.’

ज्यांना गळ, मासे हे नको वाटतं त्यांनीही आईवडिलांना पाण्यावर न्यावं. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून खारफुटीची सफर घडवतात. आईला तेही दाखवायचं आहे. बायका वल्हं मारतात हे सांगितल्यावर ती दोनदा ‘खरंच?’ म्हणाली.

आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा दहा वाजून गेले होते. वडील माडाखालून उठून पार पाण्यापर्यंत आले होते, हरिपाठाची पोथी काखेत. आई स्टुलावर पाय ठेवून उतरली. साडी पार भिजलेली, हाताला मासळीचा वास. वडिलांच्या जवळ जाताना ती क्षणभर अडखळली, हात मागे घेतला.

वडिलांनी पिशवीकडे बघितलं. मग तिच्याकडे.

‘मिळाला का गं?’ त्यांनी विचारलं.

‘एक,’ आई म्हणाली. ‘पालू.’

‘मग त्या खानावळीच्या बाईंना सांग, तिरफळ घालून करा म्हणावं. तुला आवडायचं ना तसं?’ एवढं बोलून ते पोथी सांभाळत पुढे चालू लागले. तिरफळाचं त्यांना कुणी आणि कधी सांगितलं होतं, कोण जाणे.