जुन्या हॅम रेडिओतला रिले दमतो तेव्हा...

म्हसवड (प्रतिनिधी) - माणगंगेच्या काठी वसलेल्या म्हसवडला रेडिओचे अप्रूप नाही. 'माणदेशी तरंग वाहिनी' हे सामुदायिक रेडिओ केंद्र याच गावचे. मात्र या केंद्राचे काम बोलण्याचे आणि श्रोत्यांचे काम ऐकण्याचे. रेडिओचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात प्रत्येक जण बोलतो आणि ऐकतोही. तो म्हणजे हौशी रेडिओ अर्थात 'हॅम'. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवलेले हे छांदिष्ट स्वतःच्या संचावरून देशोदेशीच्या हॅमशी संवाद साधतात. यांपैकी अनेकांकडे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे संच आजही जपून ठेवलेले आढळतात. हे संच अचानक मुके किंवा बहिरे होतात, तेव्हा दोष पुष्कळदा एका काडेपेटीएवढ्या भागात असतो. त्या भागाचे नाव रिले.

घोडे बदलण्याची चौकी

पूर्वी डाकेच्या प्रवासात ठराविक अंतरावर दमलेला घोडा सोडून ताज्या दमाचा घोडा जोडत. या व्यवस्थेचे इंग्रजी नाव 'रिले'. तारायंत्राच्या काळात, लांबच्या तारेतून येईपर्यंत क्षीण झालेल्या प्रवाहाने नव्या बॅटरीचा प्रवाह सुरू करण्याची युक्ती निघाली आणि तेच नाव या उपकरणाला चिकटले. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास तिचा पाया घातला.

रचना अगदी साधी आहे. लोखंडी गाभ्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यातून वीज गेली की गाभ्याचे चुंबक होते, ते समोरची लोखंडी पट्टी ओढून घेते आणि पट्टीवरचे संपर्कबिंदू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात. वीज थांबली की स्प्रिंग पट्टीला पूर्वस्थितीत आणते. घरच्या स्टॅबिलायझरमधून ऐकू येणारा 'टक्' आवाज याच हालचालीचा. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमधला 'खट्' करून ओढला जाणारा भाग हा रिलेचाच थोरला भाऊ.

एकच अँटेना, दोन कामे

हॅमच्या संचात ऐकणे आणि बोलणे या दोन्हींसाठी बहुधा एकच अँटेना असते. माइकचे बटण दाबताच रिले अँटेनाला रिसीव्हरपासून तोडून ट्रान्समीटरला जोडतो. त्याच वेळी रिसीव्हरचा आवाज बंद होतो आणि व्हॉल्व्हना आवश्यक तो वीजदाब मिळतो. १९७० च्या दशकातील यासूचा एफटी-१०१ किंवा केनवुडचा टीएस-५२० हे संच ट्रान्झिस्टर आणि व्हॉल्व्ह अशा संमिश्र रचनेचे होते. ही सारी अदलाबदल त्यांत रिलेच करतात. भारतीय हॅम अशर फरहान यांनी स्वस्त सुट्या भागांतून घरी जोडता येईल असा 'बिटएक्स' संच तयार केला, त्यातही हे काम रिलेवरच सोपवलेले आहे.

या अदलाबदलीत रिलेवर येणारा भार कमालीचा विषम असतो. शंभर वॅटचा संच पन्नास ओहमच्या अँटेनाला जोडलेला असेल, तर बोलताना संपर्कबिंदूंतून सुमारे १.४ अँपिअर प्रवाह वाहतो आणि वीजदाब सत्तर व्होल्टच्या घरात असतो. ऐकताना मात्र त्याच रिलेतून काही मायक्रोव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाएवढा, संकेत पार व्हावा लागतो.

काळी पडणारी चांदी

संपर्कबिंदू सहसा चांदीचे किंवा चांदीच्या मिश्रधातूचे असतात. देवघरातली चांदीची निरांजने जशी काळी पडतात, तसेच हेही काळवंडतात. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे त्यांच्यावर सल्फाइडचा थर चढतो. मोठा प्रवाह हा थर भेदून जातो. मायक्रोव्होल्टच्या संकेताला ते जमत नाही. शिवाय ऐकण्याच्या स्थितीत बिंदूंना दाबून धरण्याचे काम चुंबक नव्हे, तर केवळ स्प्रिंग करीत असते आणि तीही वर्षानुवर्षे वाकून सैल झालेली असते. म्हणूनच जुना संच बहुधा आधी बहिरा होतो, मुका नंतर.

या दोषाची खूण ठरलेली आहे. दूरची केंद्रे हळूहळू क्षीण होतात, माइकचे बटण एकदा दाबून सोडले की काही काळ पुन्हा स्पष्ट ऐकू येते, किंवा संचावर टिचकी मारताच आवाज परततो. बटण दाबताना बिंदू एकमेकांवर घासले जातात आणि थर तात्पुरता फाटतो, हे त्यामागचे कारण. म्हसवडसारख्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात धूळ, तर कोकणात दमट खारी हवा हे काम अधिक बिघडवते. १९४७ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या संगणकाच्या रिलेत चक्क एक पतंग अडकलेला सापडला होता. नोंदवहीत चिकटवलेला तो पतंग आजही अमेरिकेतील एका संग्रहालयात आहे.

आधी निदान, मग उपचार

बटण दाबल्यावर 'टक्' आवाजच येत नसेल, तर मल्टिमीटरने गुंडाळीचा रोध मोजावा. बारा व्होल्टच्या छोट्या रिलेत तो साधारण चारशे ओहम असतो, म्हणजे गुंडाळी सुमारे तीस मिलिअँपिअर प्रवाह घेते. मीटरने काहीच दाखवले नाही, तर तार तुटली आहे. रोध योग्य असेल, तर दोष गुंडाळीला वीज पुरवणाऱ्या भागात शोधावा. आवाज येतो पण संकेत येत नाही, अशा वेळी संशय संपर्कबिंदूंवर घ्यावा.

बिंदू साफ करताना निरांजन रांगोळीने घासावे तसे काही करण्याचा मोह टाळला पाहिजे. पॉलिश पेपर किंवा कानस लावली की बिंदूंचा आकार बिघडतो, पृष्ठभागावर चरे पडतात आणि त्यांत धूळ व काजळी अधिक वेगाने साचते. बिंदूंवर सोन्याचा पातळ मुलामा असेल, तर तोही निघून जातो. त्याऐवजी जाड, गुळगुळीत कागदाची अरुंद पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून बंद बिंदूंच्या मधून हलक्या हाताने ओढावी. पट्टीवर काळी रेघ उमटते. ती उमटेनाशी झाली की शेवटी कोरडी पट्टी ओढून काम थांबवावे.

बदलायचा तर कसा?

बिंदू जळून खड्डे पडले असतील, तर रिले बदलणेच इष्ट. हुबेहूब मूळचा भाग मिळणे अवघड असते. पर्यायी रिले पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधता येतो. तो निवडताना पुढील बाबी जुळल्या पाहिजेत :

- गुंडाळीचा वीजदाब आणि रोध
- संपर्कांच्या जोड्यांची संख्या
- संपर्कांची प्रवाह व वीजदाब सोसण्याची क्षमता
- पायांची मांडणी आणि बसण्याची जागा

घरगुती विजेची मोठी उपकरणे चालू-बंद करण्यासाठी बनवलेला दणकट रिले ऐकण्याच्या बाजूला उपयोगी पडेलच असे नाही, कारण त्याचे बिंदू मोठ्या प्रवाहासाठी घडवलेले असतात. उलट सोन्याचा मुलामा असलेला नाजूक रिले बोलण्याच्या बाजूला लावला, तर मुलामा जळून जातो. अँटेनाच्या मार्गातील तारा शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात.

रिले ट्रान्झिस्टरने चालवला जात असेल, तर गुंडाळीला समांतर डायोड आहे ना, हे पाहावे. वीज तोडताच गुंडाळीत उलटा, मोठा वीजदाब निर्माण होतो आणि ट्रान्झिस्टर निकामी करतो. डायोड तो झटका पचवतो. त्याची पट्टी असलेली बाजू धन टोकाकडे हवी, उलटी लावल्यास शॉर्ट सर्किट होते. मात्र डायोडमुळे रिले सुटायला किंचित उशीर होतो. त्या उशिरामुळे अदलाबदलीचा क्रम चुकला, तर रिले हलत असतानाच प्रक्षेपण चालू राहते, ठिणग्या उडतात आणि नवे बिंदूही लवकर जळतात.

एक इशारा सर्वांत महत्त्वाचा. व्हॉल्व्हच्या संचात सहाशे व्होल्ट किंवा त्याहून अधिक वीजदाब असतो. प्लग काढल्यानंतरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो आणि प्राणघातक ठरू शकतो. कपॅसिटर योग्य रोधातून रिते करून, मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये. ज्याला ही सवय नाही, त्याने हे काम जाणकाराकडेच सोपवावे.

छंदापलीकडे

ही सारी खटपट केवळ जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी असते, असे नाही. १९९३ चा किल्लारीचा आणि २००१ चा भूजचा भूकंप या आपत्तींत हॅम मंडळी संदेशवहनासाठी धावून गेली. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या हॅम आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. अंदमानच्या बातम्या बाहेर पोचवण्यासाठी त्यांचा संच मोलाचा ठरला. सातारा-सांगलीनेही १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि कृष्णेचे २००५ व २०१९ चे महापूर सोसले आहेत. मनोरे आणि तारा बंद पडल्यावर बॅटरीवर चालणारा संच कपाटात असणे पुरेसे नसते. बटण सोडताच पलीकडचा क्षीण आवाज ऐकू येणेही गरजेचे असते. तो येईल की नाही, हे चांदीच्या दोन ठिपक्यांवर ठरते. म्हणून वापरात नसलेला संचही महिन्यातून एकदा सुरू करून, अँटेना किंवा डमी लोड जोडून, चार वेळा बटण दाबून पाहावा. संकटाच्या दिवशी कागदाची पट्टी शोधायला सवड नसते.