मूत्र-असंयम : शोषक साधने आणि त्यांची योग्य निवड

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे हे गाव राज्याची वस्त्रनगरी म्हणून नावारूपास आले. रुग्णाच्या शुश्रूषेसाठी जुन्या, मऊ सुती कापडाच्या घड्या वापरण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. सुती कापड लघवी शोषून घेते खरे. परंतु दाब पडताच ती परत सोडते. अंग ओले राहते व कातडी सोलवटते. ही उणीव आधुनिक शोषक साधनांनी बरीचशी दूर केली आहे.

या साधनांचे मुख्य थर तीन. अंगालगतचा थर तंतू न विणता जोडून केलेल्या कापडाचा असतो व तो ओल आत जाऊ देतो. मधल्या थरात लाकडाचा लगदा आणि ओल धरताच जेलीसारखे फुगणारे रासायनिक कण असतात. दाब पडला तरी ते ओल सहसा सोडत नाहीत. बाहेरचा थर गळती रोखतो. अशा न विणलेल्या कापडाच्या अभ्यासाचे केंद्र इचलकरंजीतच, 1982 मध्ये स्थापन झालेल्या डीकेटीई संस्थेत आहे.

साधनांचे प्रकार

खोकताना वा शिंकताना थेंब-थेंब लघवी होणाऱ्यांना अंतर्वस्त्रात बसणारा लहान पॅड पुरतो. हिंडत्या-फिरत्या व्यक्तीस चड्डीसारखा ओढून घालावयाचा डायपर सोयीचा. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाला, कूस वळवून बदलता येणारा, बाजूंनी चिकटपट्ट्या असलेला डायपर योग्य होय. गादीच्या रक्षणासाठी शोषक चादर अंथरावी. धुऊन पुन्हा वापरता येणारी कापडी साधनेही मिळतात. ती नीट वाळविणे आवश्यक असते. माप कंबर व नितंब यांपैकी मोठ्या घेरावरून घ्यावे. फार सैल डायपर मांडीजवळ गळतो.

आधी कारण, मग साधन

मूत्र-असंयम हा वार्धक्याचा अटळ भोग नव्हे. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मधुमेह, काही औषधे अथवा प्रसूतीनंतर सैल पडलेले स्नायू ही त्याची कारणे असू शकतात व पुष्कळांवर उपचार आहेत. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने मूत्राशय तुंबून लघवी ठिबकत राहते. अशा वेळी केवळ डायपर बांधल्यास रोग झाकला जातो आणि मूत्रपिंडास अपाय संभवतो. गुडघेदुखीमुळे शौचालयापर्यंत पोचू न शकणाऱ्या वृद्धास तर खाटेशेजारी ठेवलेले भांडेही पुरते. लाजेपोटी पाणी पिणे कमी करणे मात्र घातक आहे. त्याने लघवी दाट होऊन त्रास वाढतो.

स्वच्छता व विल्हेवाट

ओला डायपर वेळीच बदलावा. मळ लागल्यास तत्काळ. त्वचा कोमट पाण्याने हळुवार पुसून कोरडी करावी. वापरलेला डायपर शौचालयात, गटारात वा नदीत टाकू नये, जाळूही नये. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये त्याची गणना सॅनिटरी कचऱ्यात करण्यात आली. तो कागदात नीट गुंडाळून वेगळा द्यावा.

ग्रामपंचायतींनी हा कचरा स्वतंत्रपणे गोळा करण्याची व्यवस्था करावी. शिक्षक व आशा कार्यकर्त्यांनी कुटुंबांना प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. लघवीच्या भीतीने ज्या वृद्धांनी देऊळ, बाजार आणि लग्नकार्य सोडले आहे, त्यांना पुन्हा चारचौघांत मानाने वावरता यावे, हेच या साधनांचे खरे प्रयोजन होय.