पायांना मोटारची साथ

ज्याचे बालपण इंदुरात गेले, त्याला बिजासनच्या टेकरीची ओळख करून द्यायला नको. नवरात्रातल्या जत्रेला आम्ही मुले राजवाड्यापासून सायकली हाणीत तिथवर जात असू. पुढे नोकरी आली, संसार आला आणि शेवटी गुडघे आले! पासष्टी ओलांडल्यावर डॉक्टरांनी सायकलीला मनाई केली नाही. ती माझ्या पायांनीच परस्पर केली. रविवारी सकाळी टेकरीवर जमणारी आमची मंडळी माझ्यावाचून जमू लागली. ‘रिक्षाने ये,’ असे सगळे म्हणत. पण रिक्षातून उतरून त्यांच्यात जाऊन बसणे मनाला रुचेना.

दिवाळीत मुलाने विजेची सायकल आणून दिली आणि पहिल्याच रविवारी माझी फजिती झाली. उजवी मूठ पिळली की गाडी आपोआप पळते, हे कळल्यावर पॅडल कोण मारतो? आदल्या दिवशी गावभर मिरवून झाले होते, चार्जिंगचे भान राहिले नव्हते. टेकरीचा चढ निम्मा होतो न होतो तोच मोटार गप्प झाली. साध्या सायकलीपेक्षा कितीतरी जड असलेले ते धूड ढकलीत मी वर पोहोचलो. आमचे एक जुने मित्र तबला वाजवतात. माझा अवतार पाहून ते म्हणाले, “अरे, सगळी मैफल तबलजीनेच करायची, तर गवयाने काय करायचे?”

हे वाक्य इंदूरच्या माणसाला लागावे असेच होते. उस्ताद अमीर खाँसाहेब अतिविलंबित झूमऱ्यात ख्याल मांडीत, तेव्हा त्यांना तबल्याचा साधा, भरीव ठेका हवा असे. साथ करणाऱ्याने पुढे धावायचे नाही आणि मागेही रेंगाळायचे नाही. मोटारचे नाते पायांशी असेच असायला हवे, हे मला त्या दिवशी उमगले.

जपानात यामाहाने 1993 साली पायांना साथ देणारी पहिली सायकल बाजारात आणली, तिच्यामागे हाच विचार होता. पॅडलवर पडणारा जोर ओळखून तेवढ्यापुरतीच मोटार मदत करी. आपल्याकडच्या पुष्कळ स्वस्त गाड्यांना मात्र पॅडल फिरते आहे एवढेच कळते, त्यावर जोर किती पडतो ते कळत नाही. तेव्हा जोर किती लावायचा याचा विवेक चालवणाऱ्यानेच ठेवायचा.

थोडा हिशेब मांडू. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 360 वॉट-तास वीज मावते. मोटारने सतत 250 वॉट ओढले, तर ही शिदोरी दीड तासही पुरत नाही. सपाट रस्त्यावर वीसच्या वेगाने जायला साधारण शंभर वॉट लागतात. त्यातला निम्मा भार पायांनी उचलला, तर तीच शिदोरी जवळजवळ दुप्पट अंतर पुरते. वेगाचा मोहही महाग पडतो. ताशी 20 ऐवजी 25 किलोमीटर गेलो, तर सहा किलोमीटरांत चार मिनिटेसुद्धा वाचत नाहीत. पण वारा कापायला लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते.

खरी परीक्षा असते ती चढावर. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरले, तर शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी पंधराच्या वेगाने जाताना नुसते वजन वर न्यायलाच दोनशे वॉट लागतात. चाकात बसवलेल्या मोटारचा स्वभावही ध्यानात घ्यावा. चाक वेगात फिरत असते तेव्हा वीज कामी येते. चाक रेंगाळले की तीच वीज तारांच्या वेटोळ्यांत उष्णता होऊन वाया जाते. म्हणून चढ लागण्यापूर्वीच गियर हलका करावा, पॅडलचे मिनिटाला साठ-सत्तर फेरे चालू ठेवावेत आणि वेग पडू देऊ नये. जड गियर रेटण्यापेक्षा हलका गियर भराभर फिरवणे गुडघ्यांनाही मानवते. सिग्नलवरून निघताना आधी दोन-चार पॅडल मारून मग मोटारला हाक द्यावी, कारण उभी गाडी हलवतानाच बॅटरीवर सर्वांत मोठा ताण पडतो. उतारावर मोटार बंद. टायरांत हवा पुरेशी ठेवावी. मऊ टायर पायांचे आणि विजेचे, दोघांचेही श्रम खातो.

पुढच्या रविवारी मी असाच निघालो. सपाटीवर मदत सर्वांत कमी ठेवली आणि विमानतळ जवळ आल्यावर एक पायरी वाढवली. टेकरीच्या पायथ्याशी गियर खाली घेतला. धाप लागली, घामही आला. पण पाय थांबले नाहीत आणि मोटारही थांबली नाही. वर पोहोचलो तेव्हा बॅटरी निम्म्याहून अधिक शिल्लक होती.

मित्रांनी विचारले, “काय रे, आज कोणी आणले तुला?”

“दोघांनी मिळून,” मी म्हणालो. त्यांनी मांडीवर बोटांनी सम दिली आणि सरकून मला बसायला जागा केली.