परभणीचा कातळ, लक्षद्वीपचे प्रवाळ

मराठवाड्याच्या बेसाल्टात प्रवाळाचे जीवाश्म नाहीत. पण हा कातळ ज्या उद्रेकातून जन्मला, त्याच मालिकेतल्या दक्षिणेकडच्या ज्वालामुखींवर प्रवाळांनी चुनखडकाचे प्रचंड थर रचले आहेत.

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडच्या शिवारात विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक आणि शेवटी पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. मातीत मिळणारे चुनखडीचे पांढरट, वेडेवाकडे खडे एखाद्याला प्रवाळाचे तुकडे वाटू शकतात. पण त्यांचा समुद्राशी संबंध नाही. मातीतल्या पाण्यात विरघळलेला चुना पाणी आटताना साकळतो आणि हे खडे तयार होतात. खडा फोडून पाहिला की फरक कळतो. प्रवाळाच्या जीवाश्मात लहान लहान कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात मध्याकडे जाणारे पातळ पडदे दिसतात. चुनखडीच्या खड्यात अशी रचना नसते.

मग या कातळाखाली तरी जुना समुद्र दडला असेल का? शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत १९९३ च्या भूकंपानंतर खोल वेधन झाले. तिथे ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली गाळाचा जेमतेम काही मीटरचा थर आणि मग थेट अतिप्राचीन पट्टिताश्म. प्रवाळभित्तीचा चुनखडक मध्ये कुठेच नव्हता. दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये अधूनमधून गाळाचे थर सापडतात, त्यांतही बहुतेक ठिकाणी गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि वनस्पतींचे जीवाश्म असतात. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळी साचत होती, हे ते सांगतात.

प्रवाळ काय सांगते?

भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि ते सूर्यप्रकाशावर जगते. त्यामुळे अशा भित्ती कोमट, नितळ आणि उथळ पाण्यात, साधारण ५० मीटर खोलीच्या आतच जोमाने वाढतात. म्हणूनच जीवाश्म प्रवाळ हा भूशास्त्रज्ञाचा भरवशाचा साक्षीदार आहे. प्रवाळ जिथे वाढले तिथेच उभे सापडले, तर त्या जागी एकेकाळी उजेड पोचणारा उथळ समुद्र होता हे नक्की. तुटलेल्या फांद्यांचा चुरा मिळाला, तर लाटांनी भित्ती फोडून तो वाहून आणला असे समजायचे. चुनखडकावर चिखलाचा थर आला, तर पाणी गढूळ झाले आणि प्रवाळ गुदमरले असावेत, असा अंदाज बांधता येतो.

प्रवाळाच्या सांगाड्यावर वाढीच्या बारीक रेषाही उमटतात. अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये डेव्होनियन काळातल्या, म्हणजे सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या या रेषा मोजल्या. एका वर्षाच्या वाढीत त्यांना सुमारे ४०० दैनंदिन रेषा मिळाल्या. त्या काळी वर्षात दिवस जास्त होते, म्हणजेच दिवस लहान होता. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे मंदावत आहे, हे खगोलशास्त्राचे गणित दगडातही असे नोंदलेले सापडले.

बुडत्या ज्वालामुखीवर

प्रवाळ उथळ पाण्यातच वाढत असेल, तर शेकडो मीटर जाडीचा प्रवाळ-चुनखडक तयार कसा होतो? चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये याचे उत्तर दिले. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचते आणि प्रवाळ जुन्या सांगाड्यांवर नवे सांगाडे चढवत पृष्ठभाग गाठत राहतात. पडलेल्या घरांच्या मातीवर नवी घरे बांधत गावाची पांढरी उंच होत जाते, तसेच हे. पुढे बेट दिसेनासे होते आणि प्रवाळाचे कंकणद्वीप तेवढे उरते. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक कंकणद्वीपावर वेधन झाले, तेव्हा १,२०० मीटरहून अधिक चुनखडकाखाली बेसाल्ट लागला. डार्विन यांचे म्हणणे खरे ठरले.

इथे परभणीचा धागा जुळतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ज्या तप्तस्थळामुळे (हॉटस्पॉट) उफाळला, ते आज मॉरिशसजवळच्या रीयुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि तप्तस्थळाच्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी ज्वालामुखींची रांग उमटत गेली. मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात ते मॉरिशसही याच रांगेतले. १९८७ मध्ये महासागरी वेधन मोहिमेने मालदीवजवळ दोन हजार मीटरहून खोल पाण्यात वेध घेतला. तिथे साधारण ५ कोटी ७० लाख वर्षांचा बेसाल्ट मिळाला आणि त्यावर उथळ समुद्रातला चुनखडक. एके काळी उजेडात असलेला तो तळ आज अंधारात आहे. तो किती खचला, हे त्या चुनखडकामुळेच मोजता आले.

वाढीचा वेग

भित्ती टिकते ती वाढीच्या वेगावर. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. बर्फ वितळून पाणी चढू लागले, तेव्हा ज्या भित्तींनी वेग राखला त्या तरल्या आणि मागे पडलेल्या बुडाल्या. विजयदुर्गपासून १०० किलोमीटरहून अधिक पश्चिमेला असलेली, कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेली आंग्रिया बँक, म्हणजे समुद्रतळावरचा उंचवटा, पाण्याखाली आहे, तरी तिच्या माथ्यावर आजही प्रवाळ जिवंत आहेत.

लक्षद्वीपमध्ये मात्र १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तापलेल्या पाण्याने प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. शैवाल निघून गेले की प्रवाळाची उपासमार होते आणि बांधकाम थांबते. पायाचा बेसाल्ट खचत असताना आणि समुद्र वर चढत असतानाही ही बेटे टिकली, कारण त्यांचे बांधकाम करणारे जीव जिवंत होते. लाखो वर्षांच्या थरांनी दिलेली ही साक्ष आजच्या धोरणात उतरली पाहिजे. सिमेंटचे बंधारे किनारा काही वर्षे राखतील, पण लक्षद्वीपची जमीन राखायची असेल तर आधी तिथले प्रवाळ जगवावे लागतील.