मातोश्री अहिल्याबाई : आई आणि आजी

हातोदहून इंदुरास येताना विमानतळ लागतो; त्यास देवी अहिल्याबाईंचे नाव आहे. घाट, देवळे, अन्नछत्रे यांनी त्यांची कीर्ती काशी-रामेश्वरापर्यंत गेली. जुन्या मराठी घरांत मात्र त्या मातोश्रीच. या मातोश्रींनी घरात काय सोसले, तेही मुलाबाळांस सांगावयास हवे.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. सुनेने सती जाऊ नये म्हणून मल्हारराव काकुळतीस आले, आणि बाईंनी सासऱ्यांचा शब्द राखला. १७६७ साली एकुलते पुत्र मालेराव गेले. पुढे आजीच्या जिवाचा विसावा असलेला मुक्ताबाईंचा मुलगाही तरुणपणीच गेला. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती निघाल्या. आता काकुळतीस येण्याची पाळी आईची होती. पण मूल गेले, पती गेला, वृद्ध आईही किती दिवस पुरणार, असे म्हणून लेकीने ऐकले नाही. त्यानंतर सुमारे तीन दिवस बाईंनी अन्न घेतले नाही, असे माल्कमसाहेबांनी १८२३ च्या ग्रंथात नमूद केले आहे.

सासऱ्यांसाठी त्या जगल्या. लेकीस मात्र जगवू शकल्या नाहीत. तरीही १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, देह ठेवीतो, रयतेचा कारभार त्यांनी सोडला नाही. घर रिते झाले, पण रयतेची आई उणी पडली नाही.